पेटीला मंजुरी नव्हती

आमच्या उमरग्याच्या घरात दोन भाषा होत्या आणि एक लेखक होता. भाषांचं कुणाला काही वाटत नव्हतं. आमची अव्वा, म्हणजे आई, रागावली की कानडीत बोलायची आणि पाहुणे आले की मराठीत. अप्पा दुकानात बसले की निजामाच्या सरकारी माणसाशी उर्दूत, गिऱ्हाइकाशी मराठीत आणि तराजूशी कानडीत बोलायचे. लेखकाचं मात्र काय करायचं ते घरात कुणालाच कळत नव्हतं. अप्पांचे धाकटे भाऊ, माझे शिवलिंगकाका, सरकारी शाळेत मास्तर होते. त्यांनी लग्न केलं नव्हतं. परसाकडच्या खोलीत त्यांची पेटी, शाईच्या दौती आणि कागद असायचे, आणि अव्वा रोज सकाळी ते कागद भुईमुगाच्या टरफलांसारखे झाडून एका बाजूला करायची. काकांच्या सहा गोष्टींचं एक पातळ पुस्तक सोलापूरला छापून आलं होतं. ते आलं त्या दिवशी अव्वानं खपली गव्हाची गोड हुग्गी केली, अप्पांनी पुस्तक हातात घेऊन वजन पाहिलं आणि "बरं झालं" म्हणून परत दिलं. आमच्या घरात साहित्याचा सत्कार झाला तो एवढाच.

पेटी मला काकांनीच शिकवली. मुलीनं पेटी वाजवावी का, हा प्रश्न आमच्याकडं कुणी विचारला नाही, कारण देवळात सोमवारी भजन असायचं आणि तिथं पेटीवाले स्वामी नेहमी उशिरा यायचे. ते येईपर्यंत मी बसायची. तबल्याला चाँदभाई असायचे. दिवसभर शिलाईयंत्र चालवून त्यांचा उजवा पाय बसल्या जागी हलत राहायचा, आणि तबल्यापेक्षा त्या पायाकडं बघून ताल धरणं मला सोपं जायचं. सनईला देवळातले धोंडिबा गुरव. धोंडिबांना हळू वाजवता येत नसे. ते म्हणायचे, "सनई हाय ती. महादेवाला कैलासावर ऐकू जायला पायजे." आज माझी नात कानात बोंडं घालून गाणी ऐकते आणि शेजारी बसलेल्या मला काहीच ऐकू येत नाही, तेव्हा मला धोंडिबांची आठवण येते.

आता काकांच्या गोष्टींबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. काका माणसं बघून लिहायचे. पुस्तकातल्या सगळ्यांत गाजलेल्या गोष्टीत भीमप्पा नावाचा एक भारदस्त गृहस्थ आहे. त्याच्या मिशांना सारं गाव भितं. एकदा धर्मशाळेत पुराण चाललेलं असतं, वरून एक सरडा त्याच्या डोक्यावरच्या रुमालावर पडतो, आणि भीमप्पा माणसांवरून उड्या मारत, चपला सोडून, थेट घरापर्यंत पळत जातो आणि आतून कडी लावून घेतो. वाचणाऱ्याला गोष्ट मजेची वाटायची. उमरग्यातल्या माणसाला ती बातमी वाटायची. कारण तेलाच्या गिरणीचे मालक वीरभद्रप्पा यांच्या रुमालावर महादेवाच्या देवळात भर पुराणात पाल पडली होती, आणि ते नंदीवरून उडी मारून पळाले होते. ते सगळ्यांनी पाहिलं होतं. मालक गावातले मोठे गृहस्थ, म्हणून त्यावर कधी कुणी बोललं नव्हतं, एवढंच.

पुस्तक वाचून अव्वानं काकांना विचारलं होतं, "भावजी, हे मालकांचं लिवलं का तुम्ही?"

"छे. सगळं बदललंय म्या. देवळाची धर्मशाळा केली. पालीचा सरडा केला. नाव बदललं."

"आन मिशा?"

"मिशा ठिवल्या," काका म्हणाले. "मिशा काढल्या की गोष्ट उभी ऱ्हात न्हाय."

तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. मालक हिशेबाच्या वहीपलीकडं काही वाचत नाहीत, असा गावाचा समज होता. पुढं वर्षभरात मालकांच्या थोरल्या मुलासाठी माझी सोयरीक निघाली आणि आमच्या घरातल्या त्या पुस्तकाच्या पाचही प्रती अव्वानं ज्वारीच्या कणगीत खाली घालून टाकल्या.

इथं मी खरं सांगते, कारण आता या वयात लाजायचं कुणाला. मुलगा सोलापूरला शिकत होता आणि मी त्याला एकदाच, तोही पाठमोरा, टांग्यात चढताना पाहिला होता. पाठ बरी होती. पण मला ते घर हवं होतं ते रेडिओसाठी. सबंध उमरग्यात तेव्हा एकच रेडिओ, तो मालकांच्या सोप्यात. गावात वीज नव्हती. तो बॅटरीवर चालायचा, आणि बॅटरी भरायला सोलापूरला जायची. एका श्रावणात मी अव्वाबरोबर त्यांच्याकडं गेले होते. बायका आत बोलत बसल्या आणि बाहेर सोप्यात त्या लाकडी डब्यातून आधी शिट्टी, मग वाळू चाळल्यासारखा आवाज आणि मग एकाएकी सारंगी निघाली. मी दारातच उभी राहिले. हातातली शेंगापोळी तशीच राहिली. अव्वानं बोलावलं तरी मला ऐकू गेलं नाही. घरी येताना मी मनाशी ठरवून टाकलं की मुलगा कसाही असो, या घरात यायचं.

तर सोयरीक जवळजवळ ठरली होती, जंगमस्वामींना लग्नाचा दिवस बघायला सांगितलं होतं, आणि त्याच आठवड्यात काकांना हैदराबादच्या रेडिओ स्टेशनचं पत्र आलं. मराठी कार्यक्रमात लेखकानं आपली गोष्ट वाचावी, सोबत आपल्या भागातले वाजवणारे आणावेत, मधे मधे संगीत असावं, असा तो अर्ध्या तासाचा प्रकार होता. सगळं तिथल्या तिथं, वाजेल ते त्याच क्षणी साऱ्या मुलखात जाणार. काकांनी तीन गोष्टींच्या दोन दोन प्रती पाठवल्या. त्या काळी निजामाच्या राज्यात जे बोलायचं ते आधी कुणीतरी वाचून पास करायचं असे. पंधरा दिवसांनी एक गोष्ट शिक्का मारून परत आली, सोबत चिठ्ठी की यातला एक शब्दही बदलू नये. ती भीमप्पाची गोष्ट होती.

त्या दिवशी अव्वा संध्याकाळपर्यंत कानडीत बोलली.

"दुसरी वाच की," अप्पा काकांना म्हणाले. "ती म्हशीची हाय ना, बरी हाय ती. म्हैस काय सोयरीक मोडत न्हाय."

"शिक्का हिच्यावर पडलाय दादा. शब्द बदलला तर सरकारी गुन्हा हुईल."

"मग जाऊच नगंस."

काका भिंतीकडं तोंड करून बसले. चाळिशीचा माणूस, आयुष्यात त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी बोलावलं होतं. अप्पांनी थोडा वेळ त्यांच्या पाठीकडं पाहिलं आणि म्हणाले, "जा. बघू काय हुतंय ते."

पुढचा घोळ स्वामींनी केला. निघायला चार दिवस असताना बैलगाडीतून उतरताना पेटीवाल्या स्वामींचं मनगट मुरगळून लिंबाएवढं सुजलं. आता पेटीला कोण? काकांनी माझ्याकडं पाहिलं आणि अव्वा दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. लग्न ठरत आलेली मुलगी हैदराबादेला जाऊन वाजवणार, हे मालकांना कळलं तर? पण ते त्यांना लगेचच कळलं, आणि त्यांनी स्वतः निरोप पाठवला. गिरणीवरचा मुनीम ओट्याखाली उभा राहून म्हणाला, "मालक म्हणत्यात, पोरगीला वाजवू द्या. रेडिओत कुणी दिसत न्हाय. मालकांनी सगळ्या गावाला बोलावलंय ऐकायला. नवी बॅटरी आणलीय सोलापुराहून."

अप्पा आत येऊन अव्वाला म्हणाले, "सगळ्या गावाला बोलावलंय." मग दोघंही बराच वेळ चुलीपाशी बसून राहिले.

आम्ही मोटारीनं गेलो. काका, चाँदभाई, धोंडिबा, मी, आणि माझ्यावर लक्ष ठेवायला अप्पा. कडक भाकऱ्यांची चवड, शेंगाचटणीचा डबा आणि पेटी माझ्या मांडीवर. हुमनाबादच्या पुढं रस्ता असा होता की प्रत्येक खड्ड्याला पेटी आपोआप एक सूर काढायची आणि चाँदभाई म्हणायचे, "वा बेटी." धोंडिबा वाटेत कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. दम साठवतोय म्हणाले.

स्टेशनातली ती खोली मला अजून दिसते. भिंतींना जाड कापड, खाली गालिचा, आणि आवाज असा मरून जायचा की आपण बोललो की नाही याची शंका यावी. चाँदभाईंनी माइकला आदबीनं सलाम केला. कार्यक्रम बघणारे साहेब मोठे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सगळं समजावलं. समोर तांबडा दिवा लागला की कुणी खोकायचंही नाही. ते काचेपलीकडून बोट वर करतील तेव्हा आम्ही वाजवायचं, हात खाली केला की थांबायचं. धोंडिबांनी एकदा सनई फुंकून दाखवली तेव्हा काचेपलीकडच्या माणसानं कानावरचं यंत्र काढून टाकलं. मग धोंडिबांना दाराबाहेर बोळात बसवलं आणि दार किलकिलं ठेवलं. त्यांना साहेबांचं बोट दिसत नव्हतं. "तबला ऐकू आला की वाजवा," असं त्यांना सांगितलं. अप्पांनी साहेबांना एकच विनंती केली, मुलीचं नाव सांगू नका. साहेबांनी ती मान्य केली.

दिवा लागला. आम्ही भजनाची एक चाल वाजवली, ती चांगली झाली. काका वाचायला लागले. पहिलं पान होईपर्यंत त्यांचा आवाज कापत होता, मग सुटला. भीमप्पाच्या मिशांचं वर्णन त्यांनी असं वाचलं की काचेपलीकडं साहेब तोंडावर रुमाल धरून हसले. मी मात्र पेटीवर हात ठेवून बसले होते आणि माझ्या डोळ्यांपुढं मालकांचा सोपा होता. सतरंज्या टाकलेल्या, सगळं गाव बसलेलं, मधे तिवईवर रेडिओ आणि शेजारी खुर्चीत मालक. काका पुराणाच्या प्रसंगाला आले. "भीमप्पा सर्वांत पुढे बसले होते," त्यांनी वाचलं, "इतक्यात वरच्या तुळईवरून–"

माझा हात भात्यावर पडला. मी ठरवलं नव्हतं. चारही बोटं पट्ट्यांवर गेली आणि पेटी वाजायला लागली. साहेबांचं बोट वर नव्हतं. ते काचेला नाक लावून बघत होते. पण चाँदभाईंना वाटलं, पोरीनं बोट बघितलं असणार. त्यांनी तबला धरला. आणि तबला ऐकू आल्याबरोबर बोळातून धोंडिबांची सनई सुरू झाली, हैदराबाद ते उमरगा तारेशिवाय ऐकू जावी अशी.

काका थांबले. त्यांना वाटलं, संगीताची जागा आली असेल. आम्ही थांबलो, त्यांनी पुन्हा सुरू केलं, "सरडा–" आणि मी पुन्हा वाजवलं. आता काकांच्या ध्यानात आलं. त्यांनी माझ्याकडं जी नजर टाकली तशी त्यांनी आयुष्यात पुन्हा टाकली नाही. ते लेखक होते. आवाज चढवून वाचायला लागले. मी भाता जोरात मारला. चाँदभाईंचा पाय शिलाईयंत्रावर असल्यासारखा चालला होता. सनईपुढं काकांचं काय चालणार; पण धोंडिबांनी दम घ्यायला एक क्षण घेतला आणि नेमक्या त्या क्षणात काका सारी ताकद लावून ओरडले, "पळाला." मग पुन्हा सनई. शेवटचं वाक्य तेवढं त्यांनी माइकला ओठ लावून वाचलं, आणि तांबडा दिवा विझला.

अप्पा कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते, मला वाटतं ते इष्टलिंगाचं स्मरण करत असावेत. साहेब आत आले, काकांच्या हातातले कागद घेतले, शिक्का तपासला.

"मास्टरसाब, जो लिखे थे वोइच पढ़े ना?"

"जी. एक शब्द बदलला नाही."

"फिर ठीक है. पेटी का तो कागद था इच नहीं. उसकी मंजूरी कौन लेता?" आणि त्यांनी आम्हाला चहा मागवला. चहा पिताना ते माझ्याकडं बघून म्हणाले, "बेटी, तुम्हाला ती गोष्ट आवडत नाही काय?"

"लई आवडती," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

उमरग्यात काय झालं ते अव्वानं आम्ही परतल्यावर सांगितलं. ती बायकांत सोप्याच्या कडेला बसली होती. मिशांचं वर्णन आलं तेव्हा मालक सगळ्यांत मोठ्यानं हसत होते, मांडीवर थाप मारत होते. लोक त्यांच्याकडं चोरून बघत होते आणि हसू गिळत होते. मग तुळईवरून काहीतरी पडायच्या वेळेला पेटी सुरू झाली. गोष्ट गावातल्या निम्म्या माणसांना पाठ होती. रेडिओतून नुसती सनई यायला लागली तसा मागं बसलेला एक जण न राहवून म्हणाला, "सरडा पडला रुमालावर." दुसरा म्हणाला, "सरडा कशाचा, पाल." रेडिओतून नुसतं "पळाला" आलं, तेव्हा चार जण एकदम म्हणाले, "नंदीवरनं." आणि मग सगळा सोपा एकाएकी गप्प झाला, कारण सगळ्यांना कळलं की आपण कुणाच्या सतरंजीवर बसलोय. मालक हसता हसता थांबले होते. त्यांनी एकदा सगळ्या माणसांकडं पाहिलं, उठले, रेडिओ बंद केला आणि आत गेले.

आम्ही परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आमच्या ओट्यावर आले. अप्पांनी घोंगडं टाकलं. काकांना बोलावलं, ते कोटाची गुंडी भलत्याच काजात घालून आले. मी दाराआड.

"मास्तर, पुस्तक हाय का घरात?" मालकांनी विचारलं.

अप्पा म्हणाले, प्रती संपल्या. तेवढ्यात अव्वानं, काय मनात आलं कोण जाणे, कणगीत खांद्यापर्यंत हात घालून एक प्रत काढली आणि ज्वारी झटकून बाहेर दिली.

"वाचा. आज पेटी नगं."

काकांनी सगळी गोष्ट वाचली. मालक डोळे मिटून ऐकत होते. एकदाही हसले नाहीत. वाचून झाल्यावर मिशांवरून हात फिरवत म्हणाले, "मास्तर, तुमचं हे पुस्तक म्या तीनदा वाचलंय. लई हसलो. आमच्या बहिणीचा नवरा हाय मुरूम गावचा, त्याच्या मिशा बगितल्या का तुम्ही? मला वाटलं, त्याच्यावर लिवलंय. त्याला एक प्रत पाठवून बी दिली म्या." थोडं थांबून ते म्हणाले, "परवा पेटी वाजली न्हवती तोवर मला पत्ता न्हवता."

मी गप्प बसले असते तर मालक शेवटपर्यंत हसले असते आणि कुणाचं काही बिघडलं नसतं.

"चूक झाली मालक," काका म्हणाले.

"एक झाली. सरडा लिवला तुम्ही. सरड्याला कोण भितंय? शेतात शंभर असत्यात." मालकांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "पाल हुती. पालीचं पोट गार असतंय मास्तर. तुमच्या मानंवर पडंल तवा कळंल."

"पुढच्या छपाईला पाल करतो," काका म्हणाले.

मग मालकांनी विचारलं, "पेटी वाजवनारी कुटं हाय?" अव्वानं मला पाठीला हात लावून पुढं ढकललं.

"का वाजवलीस ग मधीच?"

खोटं बोलायला बरंच काही होतं. बोट दिसलं, चुकून हात पडला. पण मला तेव्हा काही सुचलं नाही. "भ्या वाटलं," मी म्हणाले. "तुम्हाला राग यील आन सोयरीक मोडंल म्हणून."

मुलीनं असं तोंडानं बोलायचं नसतं. अप्पांनी खाली मान घातली. मालक मात्र माझ्याकडं नीट बघत होते.

"आमच्या पोराला बगितलंस का तू?"

"पाठ बगितली."

"मग?"

"तुमच्या घरी रेडिओ हाय," मी म्हणाले.

मालकांच्या मिशा हलल्या. आधी मला वाटलं, रागानं. मग ते हसायला लागले, घोंगड्यावर हात टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अव्वानं पदर तोंडाला लावला. काका तेवढे हसले नाहीत. मला वाटतं ते मनात लिहून घेत होते. जाताना मालक अप्पांना म्हणाले, "जंगमस्वामींना सांगा, जवळचा दिवस बगा. लांबचा नगं. मास्तर तवर आनिक काय लिवतील नेम न्हाय."

लग्न झालं. नवरा समोरून पाठीपेक्षा पुष्कळच बरा निघाला. पण तो सोलापूरला परत गेला आणि सासरच्या त्या पहिल्या महिन्यात माझी सोबत होती ती मामंजींची. रोज सांजेला गिरणी बंद करून, हातपाय धुऊन ते सोप्यात बसायचे आणि मला हाक मारायचे. रेडिओची खुंटी फिरवायचं काम माझं. एका सांजेला किती तरी वेळ नुसत्याच शिट्ट्या येत होत्या. मामंजी खुर्चीत पुढं वाकून बसले होते.

"त्या दिवशी आपलं गाव लागलं हुतं ग," ते हळूच म्हणाले. "आपला मास्तर, आपला धोंडिबा. परत लागंल का कवा?"

"लागंल की. पण काकांना नवी गोष्ट लिवावी लागंल."

त्यांनी आजूबाजूला कुणी नाही असं बघून घेतलं.

"लिव म्हनावं," ते म्हणाले. "आमची हरकत न्हाय. फकस्त या टायमाला खरंच मुरूमच्या दाजीवर."